धारेचे वेड
सुऱ्यांचा शौकीन ओळखायचा असेल, तर त्याच्या डाव्या हाताकडे बघावे. मनगटाच्या वर केस नसतात, कारण धार लावून झाली की पाते अलगद फिरवून तो लव उतरते का पाहतो. मग कागद उभा धरून कापतो. पाते जरा अडखळले की पुन्हा ओला दगड, आधी १००० ग्रिटचा, मग ६०००चा. गप्पाही तशाच. पोलाद ‘व्हीजी-१०’ की ‘डी-२’, रॉकवेल कठीणता ६० की ६२, सुरी जपानमधल्या साकाईची की सेकीची? ऐकणाऱ्याला वाटते, गडी कोणावर तरी डूख धरून आहे. प्रत्यक्षात बळी जातो तो पिकलेल्या टोमॅटोचा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती सटकली की बोटावर येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. तेव्हा त्याला खुशाल हसा, पण कांदा चिरायला सुरी त्याचीच मागून घ्या.