कापले तसे परत करा

शिष्यवृत्ती जमा झाल्याचा मेसेज आला की वसतिगृहातली मुलं आधी मेसचं थकलेलं बिल भागवायला धावतात. पासबुक भरून आणायला सहसा कुणी जात नाही. म्हणून एका वाचक विद्यार्थिनीने पाठवलेला पासबुकाच्या पानाचा फोटो मी जरा निवांत वाचला. मुलगी लातूरकडची, शिकायला पुण्यात. खात्यात वर्षभर तीनशे-चारशेच्या वर शिल्लक नाही. मग एके दिवशी महाडीबीटीची रक्कम जमा, आणि त्याच तारखेला खाली वजाबाकीच्या ओळी: किमान शिल्लक न राखल्याचा दंड, त्यावर १८ टक्के जीएसटी, तिमाहीचे एसएमएस चार्जेस, डेबिट कार्डाची वार्षिक फी आणि ४३६ रुपयांची एक नोंद, जिचा अर्थ तिला लागत नव्हता. सोबत एकच प्रश्न होता, ‘सर, हे माफ होईल का?’

माफी मागायला तिने गुन्हा काय केलाय? पण ‘हे अन्यायकारक आहे’ असं म्हणत काउंटरवर गेलात तर तिथला माणूस फार तर हळहळेल आणि ‘सिस्टीमने कापलंय’ म्हणून मोकळा होईल. अन्यायावर वाद घालता येतो, नियमावर घालता येत नाही. म्हणून त्या पानावरची प्रत्येक ओळ वेगळी काढून तिच्यापुढे कोणता नियम मोडला ते लिहायचं.

सगळ्यात मोठी ओळ दंडाची. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. दंड किती, तर जितकी तूट तितक्या प्रमाणात. टप्पे पाडायला मुभा आहे, पण पाच हजारांच्या अटीत दोनशे कमी पडलेल्याला आणि चार हजार सातशे कमी पडलेल्याला एकाच मापाने मोजता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केवळ या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये.

हे शेवटचं वाक्य व्यवहारात कसं पाळलं जातं ते पाहा. खात्यात शंभर रुपये आहेत, दंड चारशेचा. बँक खातं उणे दाखवत नाही, तीनशे रुपये बाजूला ‘येणे’ म्हणून टिपून ठेवते. बँकेतली मंडळी याला ‘लीन लावलाय’ म्हणतात. मग सहा महिन्यांनी शिष्यवृत्ती आली की पहिला घास तिथे जातो. नियमाचं अक्षर पाळलं, कारण पासबुकात उणे चिन्ह कधी उमटलंच नाही. नियमाचा हेतू मात्र पायदळी गेला. माझ्या मते भांडायची खरी जागा ही आहे आणि अर्जात ही गोष्ट स्वच्छ शब्दांत लिहावी: शिल्लक नसताना आकारलेला दंड पुढच्या जमेतून वसूल केला आहे, तो परत करावा.

जाता जाता एक आठवण. एप्रिल २०१४ च्या पतधोरणात, रघुराम राजन गव्हर्नर असताना, रिझर्व्ह बँकेने याहून शहाणपणाची गोष्ट मांडली होती. शिल्लक घटली तर दंड करू नका, त्या खात्याच्या सोयी तेवढ्या मूलभूत बचत खात्याइतक्या (म्हणजे किमान शिल्लकेची अट नसलेल्या खात्याइतक्या) कमी करा आणि पैसे आले की पूर्ववत करा, अशी ती सूचना होती. नोव्हेंबरपर्यंत तिची धार बोथट झाली आणि ‘कळवा, मग कापा’ एवढंच उरलं. ती मूळ सूचना टिकली असती तर आजचा स्तंभ लिहावाच लागला नसता.

शिष्यवृत्तीच्या खात्याला आणखी एक कवच आहे आणि ते शाखेतही फार कुणाला ठाऊक नसतं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने, जे त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झालं, सांगितलं की शिष्यवृत्ती किंवा सरकारी योजनांच्या लाभासाठी उघडलेली खाती दोन वर्षं व्यवहार नसले तरी निष्क्रिय ठरवायची नाहीत. बँकेने ती आपल्या प्रणालीत वेगळी नोंदवून ठेवायची. एरवी कुठलंही खातं निष्क्रिय झालंच, तर त्यावर किमान शिल्लकेचा दंड नाही आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे नाहीत. अडचण एकच. खातं कशासाठी उघडलं हे बँकेला माहीत हवं. म्हणून शिष्यवृत्ती मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स अर्जाला जोडायची.

एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशांच्या हिशेबाने घ्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच सांगून ठेवलंय. महिनोन्‌महिने व्यवहार नसलेल्या खात्यातून दर तिमाहीला ठरावीक रक्कम जात असेल तर हिशेब मागा. आणि ती ४३६ ची नोंद? तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. याच कुटुंबातल्या अपघात विम्याचा २० रुपयांचा. दोन्ही योजना वाईट नाहीत, पण त्या संमतीशिवाय लावता येत नाहीत. टार्गेटच्या घाईत कुणीतरी फॉर्मवर खूण केलेली असते. ‘माझ्या सहीचं संमतीपत्र दाखवा’ एवढंच विचारायचं.

आता मोठ्या पटावरची गोष्ट सांगतो, कारण ‘एकदा कापलेले पैसे परत येत नसतात’ हा समज तिने मोडीत निघतो. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक आशिष दास यांनी मूलभूत बचत खात्यांवरच्या शुल्काचा बरीच वर्षं चिवटपणे पाठपुरावा केला. या खात्यांत महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. पाचव्या वेळेपासून स्टेट बँक दर व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेत होती, आणि त्यात रोख काढणंच नव्हे तर यूपीआय आणि रुपे कार्डाने केलेली देणीही धरली जात होती. वीस रुपयांची यूपीआय, तिच्यावर जवळपास अठरा रुपये शुल्क! ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सगळ्याच बँकांना बजावलं की १ जानेवारी २०२० पासून अशा डिजिटल व्यवहारांवर घेतलेलं शुल्क परत करा. दास यांच्या अहवालाप्रमाणे एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात स्टेट बँकेने असे २५४ कोटींहून अधिक रुपये गोळा केले होते. त्यातले सुमारे ९० कोटी परत गेले. आदेशातल्या तारखेच्या आधीचे १६४ कोटी मात्र तसेच राहिले.

जे परत गेले त्यासाठी खातेदारांना रांग लावावी लागली नाही. ज्या संगणकाने कापले त्यानेच जमा केले. म्हणजे चुकीने घेतलेले पैसे आपणहून शोधून परत करणं बँकांना जमतं, फक्त वरून दट्ट्या लागतो. आपला विद्यार्थी चारशे रुपयांसाठी तीन चकरा मारणार नाही, हे बँकेला पक्कं ठाऊक असतं. आणि या चिल्लरीची बेरीज लहान नसते. २०२३-२४ पर्यंतच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये घेतल्याचं अर्थ मंत्रालयानेच संसदेत सांगितलंय. त्यातल्या बहुतेक काळात स्टेट बँक त्या बेरजेत नव्हती, कारण तिने मार्च २०२० मध्ये हा दंड बंद केला. २०२५ च्या उन्हाळ्यापासून कॅनरा, पंजाब नॅशनल वगैरे बँकांनीही तो सोडला. खासगी बँकांचं वारं उलट्या दिशेचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआयने शहरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक ५० हजारांवर नेली आणि ओरड झाल्यावर १५ हजारांवर आणली. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणाले होते की किती शिल्लक ठेवायला लावायची हा ज्या त्या बँकेचा निर्णय.

हे लक्षात ठेवा, कारण बँकेविरुद्धची तक्रार जिथे जाते त्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही हीच भिंत आड येते. ‘दंड फार जास्त आहे’ अशी तक्रार केली की ‘हा बँकेचा व्यावसायिक निर्णय’ म्हणून ती निकालात निघू शकते. ब्रिटनमध्येही असंच झालं. ओव्हरड्राफ्टचे अवाच्या सवा चार्जेस परत मागण्याची तिथे २००६ पासून लाट आली, पुष्कळांना पैसे मिळालेही. पण नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने कौल दिला आणि त्या मार्गाने जाणाऱ्यांचं दार जवळपास मिटलं. सगळी भिस्त न्याय्य-अन्याय्य या वादावर ठेवली की तिथेच अडकायला होतं. आपल्याकडे निदान काही नियम पांढऱ्यावर काळे आहेत.

तेव्हा कामाला लागायचं ते असं. खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा. शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज मराठीतच लिहा: खाते क्रमांक, कापल्याची तारीख, रक्कम, कोणत्या परिपत्रकाचं उल्लंघन, आणि ‘सदर रक्कम जीएसटीसह खात्यात जमा करावी’. पूर्वसूचना मिळाली नसेल तर तेही लिहा आणि ती पाठवल्याचा पुरावा मागा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ याला भुलायचं नाही. त्याच अर्जात खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या असंही लिहा. ‘आमच्याकडे तो प्रकारच नाही’ हे उत्तर खोटं असतं, ते खातं देणं प्रत्येक बँकेला बंधनकारक आहे. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. २०२१ पासून सगळ्या देशाला एकच योजना आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, चौकशीला १४४४८ हा क्रमांक आहे, फी नाही. वकील तर चालतच नाही, तक्रार स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीमार्फत करायची असते. मात्र बँकेच्या उत्तरानंतर वर्ष उलटू देऊ नका. खातं गावच्या पतसंस्थेत असेल तर हा रस्ता तुमचा नाही. तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागेल.

एक काम महाविद्यालयांनीही करावं. शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासणाऱ्या लिपिकाकडे मुलांची यादी असतेच. एका शाखेत साठ मुलांची खाती असतील तर साठ अर्ज कशाला, प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र आणि मागे साठ खाते क्रमांक. यंदाचे फॉर्म भरून घेताना प्रत्येकाच्या पासबुकाचं शेवटचं पान मागवलं तर ही यादी एका दुपारी तयार होईल.

— खातेदार