मनगटाचा जोर आणि गळाची काठी

मराठी माणूस मनगटाच्या जोरावर घर उभं करतो, मनगटशाहीनं गाव दाबतो, आणि ज्याच्या हातून काही होत नाही त्याला बांगड्या भरायला सांगतो. भाषेनं एवढ्या मानाला चढवलेला सांधा दुखायला लागला की पुरुषांची पंचाईत होते. गुडघा दुखतो हे चारचौघांत सांगता येतं, कंबर धरली हेही सांगता येतं. मनगट दुखतंय म्हणायला मात्र जीभ अडखळते. खानदेशात तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, सुलवाड्याच्या बॅरेजजवळ, गिरणेच्या डोहांवर किंवा पांझरेच्या काठी सुट्टीचा दिवस गळ टाकून घालवणाऱ्या हौशी मंडळींचं दुखणं हे असं अबोल आहे. तेल चोळायचं, पट्टा गुंडाळायचा, एखादी गोळी घ्यायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा काठी उचलायची. या सगळ्यात काठीकडे कुणी बघत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. मनगट कमजोर झालेलं नसतं. काठी धरण्याची पद्धत त्याला परवडत नसते. म्हणून इलाज मलमाच्या डबीपासून सुरू न होता मुठीपासून सुरू व्हायला हवा.

साधा हिशेब करून पाहा. काठीचं वजन 400 ग्रॅम, आणि तिचा तोल मुठीपासून एक मीटर पुढे. ती आडवी धरली की मनगटावर जो ताण येतो, तो मुठीपासून दहा सेंटिमीटरवर चार किलो वजन लटकवल्याइतका असतो. चार किलोची पिशवी अशी हात पुढे करून तासभर धरायला सांगितली तर कुणीही वेड्यात काढेल. गळवाला तेच काम हसत करतो, कारण तराजूत काठी हलकी भरते. त्यात मासा कधी ओढेल याचा नेम नसल्यामुळे मूठ सैल पडत नाही. पकड घट्ट, मनगट वाकलेलं आणि वेळ मोजायचा नाही, अशा स्थितीत कंडरांना, म्हणजे आपण सरसकट ज्यांना शिरा म्हणतो त्यांना, उसंतच मिळत नाही. वर तंगूस दूर फेकण्याचा झटका आणि रिळाचं गरगर फिरवणं. अमेरिकेत काठीनं गळफेक शिकवणाऱ्या प्रशिक्षकांची पाहणी झाली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक जणांनी मनगटदुखीची तक्रार सांगितली होती. ज्यांची फेक आदर्श मानायची त्यांचीच ही गत असेल, तर यूट्यूबवर बघून शिकलेल्यांनी स्वतःला दोष देण्याचं कारण नाही.

या दुखण्याच्या एका प्रकाराला सव्वाशे वर्षांपूर्वीच नाव मिळालं आहे. 1895 साली फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यविशारदानं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला होणाऱ्या वेदनेचं वर्णन केलं. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा तिथे एका अरुंद खोबणीतून जातात. त्या खोबणीचं आवरण जाड झालं की कंडरा अडखळतात. अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीच्या बाजूला हळूच झुकवली आणि कळ आली, तर संशय इकडे वळतो. गंमत म्हणजे हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो, तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांमध्ये तर विशेष. खानदेशात दिवसभर कापूस वेचून आल्यावर संध्याकाळी कळण्याच्या भाकरी थापणारी बाई ‘हात दुखस’ म्हणते, तेव्हा तिच्या अंगठ्यापाशी हीच कळ असू शकते. ज्या बांगड्यांचा टोमणा मारला जातो, त्या बांगड्यांमागचं मनगट हे सोसत आलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2010 साली सुधारलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत स्नायू-सांध्यांचा विभाग सुरू होतो तोच या आजारानं, आणि कारणं दिली आहेत ती वारंवार तीच हालचाल, जोर आणि मनगटाची अवघडलेली ठेवण अशी. गळ टाकण्याचं याहून नेमकं वर्णन मच्छीमारालाही जमलं नसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. भोई, कोळी, भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या तापीत जाळी फेकत आले, त्यांना कुठे पट्टे बांधावे लागले? याला दोन उत्तरं आहेत. ज्याचं मनगट गेलं तो काठावर जाळं विणायला किंवा बाजारात मासे विकायला बसला असेल, तर पाण्यात उतरलेल्यांकडे बघून निष्कर्ष काढताना तो आपल्या मोजणीत येतच नाही. दुसरं, ते पाणीही आज तसं राहिलेलं नाही. ऐंशीच्या दशकात हतनूर झालं, पुढे खाली बॅरेज झाले, आणि वाहती तापी बऱ्याच ठिकाणी साचलेलं पाणी झाली. उथळ धारेत चालत जाऊन मासा गाठणाऱ्याला लांबची फेक लागत नाही. धरणाच्या काठावर बसणाऱ्याला खोल पाणी गाठायचं तर लांब काठी, जड शिसं आणि प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीचा झटका लागतो. शिवाय पूर्वजांचं मनगट रात्री मोबाइल धरून बसत नव्हतं, की दिवसभर मोटारसायकलची मूठ पिळत नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येक मनगटदुखीचं खापर काठीवर फोडता येणार नाही, आणि ते खरंच आहे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री हात झटकल्यावरच बरं वाटत असेल, तर मनगटाच्या बोगद्यात मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता मोठी. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत हे अधिक आढळतं, तेव्हा काठीबरोबर रक्ताचीही तपासणी हवी. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरून तळहातावर पडलेल्या माणसाची गोष्ट तर अगदीच वेगळी. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल तर तिथलं होडीच्या आकाराचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसत नाही, आणि रक्तपुरवठा अपुरा असल्यानं दुर्लक्ष झालं तर जुळतही नाही. असा हात आधी हाडवैद्याकडे चोळायला नेणं म्हणजे आगीत तेल. हे अपवाद मानूनही मूळ मुद्दा तसाच उभा राहतो. पडणं नाही, मुंग्या नाहीत, पण दर रविवारनंतर दोन-तीन दिवस कळ आणि मग आराम, असा आलेख असेल तर कारण त्या रविवारीच शोधावं लागेल. वेदनाशामक गोळी खाऊन काठावर जाणारा माणूस थांबायला सांगणारी खूणच पुसून टाकतो. सतत घेतलेल्या गोळ्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो तो निराळाच.

मग छंदच सोडावा का? घरातली माणसं हे हमखास सुचवतात, आणि त्यात मनगटाची काळजी किती व वाया गेलेल्या रविवारचा राग किती, हे ज्याचं त्यानं ओळखावं. कळ ताजी असताना काही आठवडे हात थांबवावा, डॉक्टरांनी सांगितल्यास अंगठ्यासकट आधार देणारी पट्टी लावावी. पण महिनोन्‌महिने बांधून ठेवलेला सांधा आखडतो. बहुतेकांना सोडण्यापेक्षा बदलणं पुरतं. फेक दोन्ही हातांनी करावी, म्हणजे झटका खांद्याकडे जातो. काठी आखूड घ्यावी, किंवा मुठीच्या मागच्या टोकाला थोडं वजन बांधून तोल हाताजवळ आणावा. बोटभर जाडीची मूठ आवळायला जास्त जोर लागतो, तेव्हा तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करावी.

हौशी माणसाला ही मुभा आहे. ज्याची चूल जाळ्यावर चालते त्याला नाही, आणि सरकारी विचार इथेच तोकडा पडतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराला अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पाच लाख रुपयांचं विमाकवच आहे. बुडालेला माणूस त्यात दिसतो. वीस वर्षं पाग फेकून हात उघडता-मिटता न येणारा माणूस अपघातात बसत नाही, म्हणून दिसत नाही. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मच्छीमार संस्थांच्या सभासदांसाठी वर्षातून एकदा शिबिर घेऊन साखरेबरोबर मनगटही तपासायला माणशी दोन मिनिटं पुरतील. तेवढ्यात अंगठा मुठीत दाबायला सांगता येतो, आणि बोटांना मुंग्या येतात का हेही विचारता येतं. हौशी गळवाल्याला तर शिबिराचीही गरज नाही. काठावर बाभळीची बेचक्याची फांदी रोवून काठी तिच्यावर टेकवायची आणि मासा ओढेपर्यंत हात मांडीवर ठेवायचा.