डबा बसवला, पण रिकामा कोण करणार?



आज शेताबाहेरचा विषय आहे, पण स्वतःच्या गाडीने माल बाजारात नेणाऱ्या सगळ्यांच्या कामाचा. जुन्या टर्बो डिझेल गाड्यांना ऑईल कॅच कॅन बसवायची टूम निघालीय. व्हिडिओ बघायचा, ऑनलाईन डबा मागवायचा, गॅरेजमध्ये तासाभरात बसवून घ्यायचा. मीही तेच केलं. दोन पावसाळे वापरल्यावर माझं मत सांगतो. डबा कामाचा आहे, पण ज्याला ठिबकचा फिल्टर धुवायचा कंटाळा येतो त्याने तो बसवू नये.

आधी डबा करतो काय ते बघू. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली ऑईलच्या बाजूला उतरतोच, इंजिन नवं असलं तरी. तो कोंडला तर सीलमधून ऑईल बाहेर ढकलेल, म्हणून ब्रीदरची नळी दिलेली असते. जुन्या ट्रॅक्टरला ही नळी खाली मोकळी सोडलेली असते, तिच्यातून थेंब थेंब ऑईल जमिनीवर पडतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. गाडीत मात्र ती टर्बोच्या आधी हवेच्या पाईपला जोडलेली असते. मग त्या वायूबरोबर ऑईलचं धुकं टर्बोतून इंटरकूलरमध्ये आणि पुढे मॅनिफोल्डमध्ये जातं. तिथे ईजीआरमधून आलेली काजळी त्यात मिसळली की डांबरासारखा थर बसतो. हवेची वाट अरुंद होते, चढाला गाडीचा दम जातो, काळा धूर सुटतो. कॅच कॅन हे ऑईल वाटेतच अडवतो. आतल्या जाळीवर धुक्याचे थेंब होतात आणि तळाला साचतात.

आता माझी फजिती. पहिला डबा मी स्वस्तातला घेतला, आत जाळीच नाही, नुसता पोकळ. पाईपही पातळ टाकला. पावसाळ्यात एका पहाटे दुधी आणि काकडी घेऊन वाशी मार्केटला निघालो. कळंबोली सोडली आणि ऑईलचा वास यायला लागला. बॉनेट उघडलं तर ऑईलची गेजपट्टी वर उचललेली, इंजिनभर ऑईल उडालेलं. पाईप गरम होऊन वळणावर चपटा झाला होता, वायूला जायला जागाच नव्हती. माल दुसऱ्या टेंपोत भरून मार्केटला पोचेपर्यंत भाव उतरला होता. गॅरेजवाल्याला काय बोलणार? "दादा, हलका पाईप चालेल ना?" असं विचारणारा मीच होतो.

त्यातून शिकलो ते सांगतो:

– डबा जाळीवाला घ्या. टर्बो आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून लांब, हवा लागेल अशा जागी घट्ट बसवा.
– पाईप ऑईल आणि उष्णता सहन करणारा हवा. आतला व्यास मूळ पाईपाएवढाच, कमी नको. फवारणीच्या पंपाचा पाईप अजिबात नको.
– पाईपाला मध्ये झोळ नको, त्यात पाणी साचतं.
– डब्यातून निघणारी नळी परत हवेच्या पाईपलाच जोडा. मोकळी सोडली तर तो वायू आपल्याच नाकात आणि सगळ्यांच्या हवेत जातो.
– एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर वॉरंटीचं आधी विचारा. बऱ्याच गाड्यांत टॅपेट कव्हरमध्येच ऑईल वेगळं करायची सोय असते. ती तुंबली असेल तर आधी ती साफ करा, कदाचित डबा लागणारच नाही.

आपल्या पनवेलच्या दमट हवेत पावसाळ्यात डबा लवकर भरतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं, दुधाळ चहासारखा चिकट गाळ निघतो. घाबरू नका, पण ते परत इंजिनात ओतूही नका. आणि भरलेला डबा तसाच ठेवू नका. डिझेल इंजिनाने साचलेलं ऑईल एकदम ओढलं तर ते ऑईलवरच पळायला लागू शकतं, मग चावी बंद करूनही थांबत नाही. म्हणजे इंजिन वाचवायला बसवलेला डबाच इंजिन खाऊ शकतो.

माझ्या मते या डब्याचा खरा फायदा वेगळाच आहे. मी दर हजार किलोमीटरला तो औषध मोजायच्या मापात रिकामा करतो आणि फवारणीच्या वहीतच किलोमीटर व मिली लिहितो. उन्हाळ्यात साधारण वीस-पंचवीस मिली निघतं, पावसाळ्यात दुपटीच्या वर. उद्या उन्हाळ्यातच आकडा दुप्पट झाला तर मी समजेन की रिंगा तपासायची वेळ आली. झिजलेल्या रिंगा डबा दुरुस्त करत नाही, तो फक्त आधी सांगतो. पण वाचणारा हवा. माती परीक्षणाचा कागद कपाटात ठेवून खताच्या गोण्या आणणाऱ्याला त्या कागदाचा काय उपयोग?

शेवटचं, आणि हे जरा टोचेल. निघालेलं ऑईल बांधावर किंवा गटारात ओतू नका. वापरलेलं ऑईल कायद्यानेही धोकादायक कचऱ्यात मोडतं. तळोजा एमआयडीसीच्या सांडपाण्यावरून कासाडी नदीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. त्यावर आपण तावातावाने बोलतो, बोललंच पाहिजे. पण आपल्या बांधावरचा काळा डाग कोणत्या कारखान्याचा? मी कॅनमध्ये साठवतो आणि जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला देतो.

तुमच्याकडे कुणी डबा बसवला असेल तर हजार किलोमीटरला किती मिली निघतं ते लिहा. कुठला डबा घेतला ते नंतर सांगा, आधी शेवटचा कधी रिकामा केला ते सांगा.