बोलतो, पण ऐकत नाही

रिमोट हा मोठा बोलका प्राणी आहे. पण तो ठार बहिरा आहे, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. टीव्ही चालू आहे की बंद, याचा त्याला पत्ता नसतो. आपण बटण दाबावे, त्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची उघडझाप करून निरोप धाडावा आणि मोकळे व्हावे. 1955 साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने यूजीन पॉली यांचा प्रकाशझोताचा रिमोट बाजारात आणला, तेव्हा टीव्हीवर ऊन पडले तरी तो आपणहून चॅनेल बदलू लागे! आता निरोपाला सांकेतिक भाषा असते, आणि कंपनीगणिक ती निराळी. म्हणून तर एकेका घरात तीन-तीन रिमोट नांदतात.

तरुण मंडळींचे त्यावाचून अडत नाही. अडते आमच्या अक्काचे. वय 78, घरात एकटी. पडद्यावर 'सिग्नल नाही' असे उमटले की शेजारचा मुलगा शाळेतून येईपर्यंत बातम्याही बंद आणि मालिकाही. "दर वेळी त्याला हाक मारायची लाज वाटते रे," असे ती म्हणाली, तेव्हा मी सगळ्यांच्या भाषा बोलणारा 'युनिव्हर्सल' रिमोट नेला.

सोबतच्या पुस्तिकेत कंपनीवार आकडे असतात. दिवा लागेपर्यंत 'सेट'चे बटण दाबून धरायचे, मग टीव्हीचे दाबायचे, आकडा घालायचा. एका कंपनीचे पुष्कळ आकडे असतात. टीव्ही बंद झाला म्हणून हुरळून जाऊ नये, आवाजही पाहावा. कित्येकदा पहिले जमते, दुसरे नाही. मग पुढचा आकडा. सेट-टॉप बॉक्सचा आकडा पुस्तिकेत नव्हताच. त्याचा जुना रिमोट नव्याच्या तोंडाला तोंड लावून ठेवला आणि एकेक बटण शिकवले. (इंटरनेटच्या काही स्टिक ब्लूटूथवरच ऐकतात, त्यांच्यापुढे हा रिमोट नाचवून उपयोग नाही.)

खरी मेख निराळीच. अक्काला एका बटणात दोन्ही चालू हवे होते. पण चालू नि बंद यांचा निरोप बहुधा एकच! बॉक्स आधीच चालू असला, तर तेच बटण टीव्ही चालू करते आणि बॉक्स बंद. पुन्हा दाबावे तर उलटे. बहिऱ्याला कोण सांगणार?

तेव्हा बॉक्स बंद करायचाच नाही, असे ठरवले. थोडी वीज जाते, जाऊ दे. चालू-बंद आणि आवाज टीव्हीचा, चॅनेल बॉक्सचे. आकडे आणि पाच बटणे उघडी ठेवून बाकीच्यांवर पट्टी चिकटवली. वीज जाऊन आली आणि बॉक्स झोपलेला राहिला, तर त्याच्या अंगावरचे बटण दाबायचे, हे दोनदा तिच्याकडून करून घेतले.

काही रिमोट सेल काढले की शिकलेले सगळे विसरतात. म्हणून टीव्हीचा आकडा कागदावर ठळक लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे. बॉक्सचा जुना रिमोट मात्र अक्काने जपून ठेवायचा आहे.