बीजिंगचा महापौर, दिल्लीचा महापौर

शनिवारी, 13 डिसेंबर 2025 ला, दिल्ली-एनसीआरमध्ये 'ग्रॅप' या प्रदूषणविरोधी निर्बंधांच्या आराखड्याचा चौथा टप्पा लागू झाला. बांधकामं थांबली, बाहेरचे ट्रक सीमेवर अडले, मुलं पुन्हा घरातल्या पडद्यासमोर बसली. त्याच सुमारास चाणक्यपुरीतल्या चिनी दूतावासाने समाजमाध्यमावर बीजिंगची हवा कशी सुधारली याचे धडे क्रमाने मांडायला सुरुवात केली. त्या धड्यांचा मला राग आला नाही. राग आला तो आपल्याच सुशिक्षित माणसांच्या उत्तरांचा. 'तिकडे एक हुकूम सुटतो आणि काम होतं, आपल्याकडे लोकशाही आड येते,' हे वाक्य नोएडाच्या सोसायटीत, गुरुग्रामच्या कचेरीत आणि लोधी रोडवरच्या व्याख्यानांत मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. ते चूक आहे, आणि 2025 च्या हिवाळ्याने ते चूक ठरवून दाखवलं.

एक हुकूम हवा होता ना? फेब्रुवारी 2025 पासून केंद्रात, दिल्लीत, हरियाणात, उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात एकाच पक्षाचं सरकार आहे. एप्रिलपासून दिल्लीचा महापौरही त्याच पक्षाचा आहे. शेजारच्या राज्यावर ढकलायची सोय उरली नाही. पंजाब तेवढा वेगळा, पण पराली म्हणजे भाताचे खुंट जाळण्याचा हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो आणि तेव्हा डिसेंबर निम्मा सरला होता. दिल्लीच्या वाट्याला गेल्या कित्येक वर्षांत इतकी एकछत्री सत्ता आली नव्हती. हवा मात्र तीच आहे.

मग बीजिंगमध्ये वेगळं काय घडलं? या स्तंभाच्या वाचकांना माझं उत्तर पाठ असेल, तरी पुन्हा लिहितो. तिथे शहराच्या हवेला जबाबदार असलेला माणूस ठरलेला होता आणि त्याच्या हातात शहर होतं.

2014 च्या जानेवारीत बीजिंगचे तेव्हाचे महापौर वांग आनशून यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की प्रदूषणाबाबत त्यांनी केंद्राला हमीपत्र लिहून दिलं आहे आणि 2017 पर्यंत काम झालं नाही तर शिर घेऊन ये, असं त्यांना बजावलं गेलं आहे. शिराची भाषा आपल्याला नको. पण त्यामागची व्यवस्था पाहा. बीजिंगच्या नगर सरकारकडे जमीन आहे, बस आहे, रस्ते आहेत, शहराचं पोलीस दल आहे, पर्यावरणाचं खातं आहे. महापौराच्या वर पक्षाचा शहर सचिव असतो आणि दोघांच्याही पुढच्या बढतीच्या हिशेबात हवेचा आकडा धरला जातो. सप्टेंबर 2013 च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात बीजिंगला 2017 साठी पीएम 2.5 चं, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, लक्ष्य दिलं होतं, घनमीटरला सुमारे 60 मायक्रोग्रॅम. 2013 ची वार्षिक सरासरी 89.5 होती. 2017 ची आली 58. 2021 मध्ये ती 33 वर उतरली. दिल्लीची सरासरी आजही 100 च्या आसपास घुटमळते.

आता दिल्लीचा महापौर. त्याची मुदत एक वर्ष. पाच वर्षांत पाच महापौर, त्यातलं पहिलं वर्ष महिलेसाठी आणि तिसरं अनुसूचित जातीसाठी राखीव. प्रतिनिधित्व म्हणून आरक्षण योग्यच आहे, पण त्या महिलेला काम करायला मिळतात बारा महिने, त्यातले निम्मे ओळखी होण्यात जातात. आयुक्त नेमतं केंद्र सरकार. महापालिका चालते संसदेच्या 1957 च्या कायद्याने. शहराची जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाकडे (डीडीए), पोलीस आणि वाहतूक नियंत्रण गृहमंत्रालयाकडे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, बस दिल्ली सरकारकडे, आणि मध्येच नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचं व लष्करी छावणीचं वेगळं राज्य. रस्त्यावरची धूळ ही दिल्लीच्या हवेतली मोठी बाब आहे. ती झाडायची कोणी, हे त्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर महापालिकेचा, पण नव्या जागेसाठी हात पसरायचे डीडीएपुढे. अशा महापौराकडून हमीपत्र घेऊन तरी काय करणार? त्याच्या हातात देण्यासारखं काही आहे का?

वरच्या मजल्यांवर अधिकारांची भांडणं मात्र अखंड चालली. 1991 च्या 69 व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा दिली. पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन बाहेर ठेवली. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेवांचा, म्हणजे अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्यांचा, अधिकार निवडून आलेल्या सरकारला दिला. 19 मेला केंद्राचा वटहुकूम निघाला आणि तो अधिकार परत गेला. महापालिकेचे 2012 मध्ये तीन तुकडे केले, 2022 मध्ये ते पुन्हा एक केले. या सगळ्या काळात दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीतल्या जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की त्या भरा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तपासणीला माणूसच नसेल तर हुकूम लोकशाहीचा असो की हुकूमशाहीचा, तो कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचत नाही.

भूगोलाची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. बीजिंगच्या उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगर आहेत, त्यामुळे दक्षिणेकडून आलेला धूर तिथेही कोंडतो. पण हिवाळ्यात सायबेरिया-मंगोलियाकडून जोराचा वारा सुटतो आणि एका रात्रीत आकाश मोकळं होतं. तसा वारा हिमालय दिल्लीला मिळू देत नाही. समुद्र दूर, वारा मंद, थंड हवेवर उबदार हवेचं झाकण. तेव्हा बीजिंगइतक्याच कामात दिल्लीला बीजिंगइतकं फळ मिळणार नाही. आपल्याला अधिक काम करावं लागेल.

शहराच्या सीमारेषेचा भूगोल मात्र माणसाने केलेला आहे. 1958 पर्यंत बीजिंगने हबेई प्रांतातले तालुकेच्या तालुके आपल्यात घेतले. आज त्याचं क्षेत्रफळ सुमारे 16,400 चौरस किलोमीटर आहे. दिल्लीचं उलट झालं. 1911 मध्ये राजधानी इथे आणायचं ठरलं आणि 1912 मध्ये इंग्रजांनी पंजाबातून एक छोटा तुकडा राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी कापून काढला. आजची दिल्ली 1,483 चौरस किलोमीटरची. बदरपूरचं कोळशाचं वीजकेंद्र ऑक्टोबर 2018 मध्ये बंद केलं, छान केलं. पण दादरीच्या आणि झज्जरच्या चिमण्या दिल्लीच्या हद्दीबाहेर आहेत. कोळशाच्या केंद्रांसाठी डिसेंबर 2015 मध्ये ठरवलेली गंधकाची मानकं दोन वर्षांत पाळायची होती, ती मुदत देशभर पुन्हा पुन्हा वाढत गेली. एनसीआर, म्हणजे राष्ट्रीय राजधानी प्रदेश, 1985 पासून कायद्यात आहे आणि आज तो सुमारे 55,000 चौरस किलोमीटरचा आहे. त्याच्या हवेसाठी 2020 च्या वटहुकुमाने आयोग नेमला आणि 2021 मध्ये त्याचा कायदा झाला. आयोगाचे आदेश राज्यांवर बंधनकारक आहेत, पण ते अमलात आणायला माणसं राज्यांचीच लागतात.

आणि पैसा. चीनमधल्या सरकारी खर्चापैकी सुमारे 85 टक्के खर्च प्रांत आणि त्याखालच्या सरकारांच्या हातून होतो. आपल्या महापालिकांचं 2023-24 चं एकूण महसुली उत्पन्न रिझर्व्ह बँकेच्या अहवालानुसार देशाच्या सकल उत्पन्नाच्या 0.6 टक्के होतं. दोन आकडे एका मापाचे नाहीत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत. ज्याला आपण केंद्रीकरणाचा कळस समजतो, त्या देशाने खर्चाची किल्ली खाली दिली. आपण ती मुंबईलाही दिली नाही, सोलापूरलाही नाही.

बीजिंगची किंमत लपवायचं कारण नाही. 2017 च्या हिवाळ्यात हबेईतल्या गावांमधल्या कोळशाच्या शेगड्या काढल्या आणि गॅस पोहोचलाच नाही. छूयांग तालुक्यातली शाळकरी मुलं ऊब मिळावी म्हणून उन्हात बाहेर बसून धडे गिरवत होती. त्याच नोव्हेंबरात बीजिंगच्या दाशिंगमध्ये आगीत 19 जण गेले आणि सुरक्षेच्या नावाखाली परप्रांतीय मजुरांच्या वस्त्या थंडीत रिकाम्या केल्या गेल्या. कोणीही त्याविरुद्ध मत देऊ शकलं नाही. हे आपल्याला नको आहे. शिवाय तिथेही सरकार आपोआप जागं झालं नाही. अमेरिकी दूतावासाच्या यंत्राने 2008 पासून हवेचे आकडे दाखवले, लोक चिडले, मग 2012 मध्ये शहराने स्वतःचे आकडे प्रसिद्ध करायला घेतले. पत्रकार छाय जिंग यांचा माहितीपट 2015 मध्ये कोट्यवधींनी पाहिला आणि मग तो काढून टाकला गेला. आपल्याकडे 1998 च्या न्यायालयीन आदेशाने 2002 अखेर दिल्लीच्या साऱ्या बस सीएनजीवर आल्या. लोकशाही देशातच हे झालं, हे विसरू नका.

मला या सगळ्यात यशवंतराव चव्हाण आठवतात. चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबर 1962 मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला आले, हे शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्याच वर्षी 1 मे रोजी त्यांनी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू केल्या होत्या, हे कोणी सांगत नाही. अधिकार आणि पैसा जिल्ह्यात पाठवायचा, तिथेच नेते तयार होऊ द्यायचे. चीनशी बरोबरी करायची तर त्यांचं मे महिन्यातलं काम नोव्हेंबरातल्या कामापेक्षा मोठं होतं, असं माझं ठाम मत आहे. ते पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. पण पुढच्या काळात महाराष्ट्र चालवणारी माणसं कुठून आली ते आठवून पाहा.

15 डिसेंबर 2025 ला त्याच महाराष्ट्रातल्या 29 महापालिकांच्या निवडणुका जाहीर झाल्या. मतदानाची तारीख ठरली 15 जानेवारी 2026. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि तेव्हापासून देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एक प्रशासक चालवत होता. मुंबईच्या आणि पुण्याच्या हवेबद्दलही आता काळजीने बोललं जातं. वाचकहो, मत मागायला दारात येणाऱ्या कोणत्याही उमेदवाराला रस्त्याबद्दल आणि पाण्याबद्दल विचाराच. त्याबरोबर एवढंही विचारा, की आयुक्ताला जाब विचारण्याचा अधिकार महापौराला मिळावा आणि त्याला पूर्ण पाच वर्षं मिळावीत, यासाठी तुमचा पक्ष विधानसभेत कायदा आणणार का? उत्तर लिहून घ्या.