रक्त वाढले म्हणजे बळ वाढले का?

सेवाग्राम-वर्धा परिसरात रुग्ण तपासताना एक मागणी वारंवार कानी पडते : "डॉक्टरसाहेब, बाबांना फार कमजोरी आहे, रक्ताची एक पिशवी लावून द्या." कोणी सलाईन मागतो, कोणी रक्तवाढीची सुई. मागणीमागे माया असते आणि एक समजही असतो : रक्त जितके अधिक, तितके बळ अधिक. हाच समज व्यावसायिक सायकल शर्यतींच्या जगाने टोकाला नेला आणि त्याची जबर किंमत मोजली. तो इतिहास आपण जाणून घ्यावा असे मला वाटते, कारण त्या खेळाडूंनी ज्या औषधाचा दुरुपयोग केला, ते आज अनेक मूत्रपिंडरुग्णांच्या घरी फ्रिजमध्ये ठेवलेले असते.

प्रथम शरीराची व्यवस्था पाहू. रक्तातील तांबड्या पेशी फुफ्फुसांतून प्राणवायू घेऊन स्नायूंपर्यंत पोहोचवितात. प्रत्येक पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात आणि अस्थिमज्जा नव्या पेशी तयार करते. पुरेशा पेशी झाल्या की हे संप्रेरक आपोआप कमी होते. शरीर हा तोल स्वतःच सांभाळते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की संप्रेरक कमी पडते आणि रुग्ण पांढराफटक दिसू लागतो. अशा रुग्णांसाठी हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार करण्यात आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ईपीओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या औषधामुळे डायलिसिसवरील असंख्य रुग्णांची वारंवार रक्त चढविण्यातून सुटका झाली. ते खरोखर उपकारक औषध आहे.

सायकलपटूंच्या जगात रक्त वाढविण्याचा मोह मात्र त्याआधीच शिरला होता. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपूर्वी अमेरिकेच्या काही सायकलपटूंनी रक्त चढवून घेतले. त्यांतील काही जण आजारीही पडले. तेव्हा याविरुद्ध नियम नव्हता, तो पुढे झाला. ईपीओ आल्यावर पिशवीचीही गरज उरली नाही, सुई पुरेशी ठरली. रक्तातील पेशींचे प्रमाण निरोगी पुरुषात साधारण ४० ते ५० टक्के असते. १९९६ ची 'टूर द फ्रान्स' जिंकणाऱ्या ब्यार्ने रीस यांना सहकारी 'साठ टक्केवाले' म्हणून ओळखत. आपण ईपीओ घेतले होते, अशी कबुली त्यांनी २००७ मध्ये दिली. मूत्रात ईपीओ ओळखणारी चाचणी २००० पर्यंत उपलब्ध नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९९७ मध्ये पुरुषांसाठी ५० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढे रक्त घट्ट आढळले तर प्रकृतीच्या कारणास्तव खेळाडूला शर्यतीबाहेर बसविले जाई. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, फेस्टिना संघाच्या गाडीत या औषधांचा साठा सापडला आणि सारे प्रकरण चव्हाट्यावर आले. सात वेळा विजेता ठरलेल्या लान्स आर्मस्ट्राँग यांची सर्व सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली.

पदके गेली, तशी माणसेही गेली. इटलीचे मार्को पँटानी १९९९ मध्ये आपल्या देशातील मोठी शर्यत जिंकण्याच्या उंबरठ्यावर असताना त्यांच्या रक्तपेशींचे प्रमाण मर्यादेपलीकडे आढळले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. व्यसनाच्या विळख्यात सापडून १४ फेब्रुवारी २००४ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, कोकेनच्या विषबाधेने त्यांचा अंत झाला. त्यांचेच देशबांधव रिकार्दो रिक्को २०११ मध्ये मरणासन्न अवस्थेत रुग्णालयात दाखल झाले. घरच्या फ्रिजमध्ये साठविलेले स्वतःचेच रक्त टोचून घेतल्याच्या प्रकरणात त्यांच्यावर पुढे बारा वर्षांची बंदी आली. रक्तपेढीत रक्त ठरावीक तापमानात, तपासून, मुदतीचे बंधन पाळून का ठेवतात, ते यावरून उमगावे. या गैरप्रकारांत अनेक ठिकाणी डॉक्टरच पुढे होते. जर्मनीतील एका डॉक्टरला २०२१ मध्ये याच गुन्ह्यासाठी चार वर्षे दहा महिन्यांची शिक्षा झाली.

आता आपल्या घराकडे वळू. रक्तपेशी प्रमाणापेक्षा वाढल्या की रक्त दाट होते, हृदयाला अधिक जोर लावावा लागतो, रक्तदाब वाढतो आणि गुठळी होण्याचा धोका उद्भवतो. हट्ट्याकट्ट्या खेळाडूला जे झेपत नाही, ते पंचाहत्तरीच्या हृदयाला कसे झेपावे? हा केवळ तर्क नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मूत्रपिंडविकाराच्या १,४३२ रुग्णांना ईपीओ देण्यात आले. ज्यांचे हिमोग्लोबिन १३.५ पर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते, त्यांच्यात मृत्यू व हृदयविकाराच्या घटना ११.३ चे उद्दिष्ट असलेल्यांपेक्षा अधिक घडल्या. २००९ मधील दुसऱ्या अभ्यासात मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. तेथे १३ चे उद्दिष्ट ठेवून उपचार केलेल्या रुग्णांत पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. म्हणूनच आज तज्ज्ञ ईपीओ देताना हिमोग्लोबिन साधारण ११ च्या आसपास आले की मात्रा कमी करतात किंवा थांबवितात. "आईचे हिमोग्लोबिन अजून चौदा का होत नाही?" असे आपण विचाराल, तर त्याचे उत्तर हे आहे.

ज्यांच्या घरी ईपीओची सुई दिली जाते, त्यांनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे. ते गोठू देऊ नये आणि जोराने हलवू नये. रक्तदाबाची नोंद ठेवावी. डोके फार दुखले, दृष्टी अंधुक झाली, छातीत दुखले, बोलणे अडखळले किंवा एक पाय अचानक सुजला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. एखादी मात्रा चुकली म्हणून पुढची दुप्पट देऊ नये. लोह कमी असेल तर सुईचा उपयोग होत नाही, म्हणून डॉक्टर लोहाची तपासणी सांगतात.

रक्ताच्या पिशवीबद्दलही तारतम्य हवे. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एका अंकाने वाढते. रुग्ण स्थिर असेल तर बहुधा ७ च्या खाली, आणि हृदयविकार असेल तर ८ च्या खाली गेल्यावर रक्त देण्याचा विचार होतो. वृद्धांच्या शरीरात द्रव एकदम वाढला तर फुफ्फुसांत पाणी साचून धाप लागते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना रक्त देतानाही हिमोग्लोबिन १० च्या पुढे जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते, कारण त्यांचे रक्त दाट होऊन वेदना व गुंतागुंत वाढू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतारवयात रक्त कमी होणे हे लक्षण आहे. सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव, मूळव्याध, आतड्याचा कर्करोग, जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव, मूत्रपिंडांचा विकार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. पिशवीने आकडा वाढतो, घरचे निश्चिंत होतात आणि आत रोग वाढतच राहतो. म्हणून "रक्त लावा" असे म्हणण्याआधी "रक्त कशाने कमी झाले?" असे विचारावे. शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसत असेल तर ते न लाजता सांगावे.

वर्ध्याच्या मे महिन्यात आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वृद्धांना तहान कमी लागते. पाणी कमी पडले की रक्त दाट होते आणि हिमोग्लोबिनचा आकडा आहे त्याहून चांगला दिसतो. तेव्हा हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर निर्बंध नसेल, तर ठरावीक वेळी आठवणीने पाणी, ताक द्यावे.

घरात पोलीस भरतीसाठी धावणारा नातू असेल तर त्याच्याशीही या विषयावर बोलावे. दम वाढविणारी म्हणून कोणी सुई किंवा गोळी देऊ केली तर ती घरी दाखविण्याइतका विश्वास त्याला आपल्याविषयी वाटला पाहिजे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. अशा शर्यतीमागे वर्षानुवर्षांचा सराव असतो, हे त्याला सांगावे.

साधनशुचितेचा आग्रह धरणाऱ्या या गावात वेगळे सांगावे असे नाही, तरीही आरोग्याच्या बाबतीत एवढे म्हणतो : औषध गरजेपुरते असेल तरच औषध ठरते. पुढच्या तपासणीला जाताना वडीलधाऱ्यांचे जुने रक्त-अहवाल आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या, दुखण्यावरच्याही, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. डॉक्टरांना त्या पिशवीचा उपयोग बहुतेक वेळा रक्ताच्या पिशवीहून अधिक होतो.