लोणच्याची बरणी आणि प्राचीन चीन

प्राचीन चीनचे नाव काढताच शाळेतील मुलांकडून ठरलेली उत्तरे येतात : लांबच लांब भिंत, रेशीम, कागद, ह्युएनत्संग. उत्तरे बरोबर असतात, त्यांना गुणही मिळतात. परंतु या शब्दांमागे हाडामासांची माणसे होती आणि त्यांच्या उद्योगाचा आपल्या घरादाराशी काही संबंध आहे, हे मुलांच्या मनास शिवत नाही. धार व देवास येथील मुलांना शिकविताना आम्हांस आलेला अनुभव असा की, हा धडा फळ्यापासून नव्हे, स्वयंपाकघरापासून सुरू करावा.

घरात चीनशी नाते सांगणारे काय काय आहे, ते शोधून आणावयास मुलांना सांगावे. प्रथम लोणच्याची चिनी मातीची बरणी सापडते. मग चहा, तो शब्दच मुळी चिनी. इतक्यात एखादा हिंदीभाषक मुलगा ‘चीनी’ म्हणून साखरेचे नाव घेतो आणि आपली मराठी मुले चमकतात. गंमत अशी की, साखर करण्याच्या विद्येत चीन भारताचा शिष्य! सातव्या शतकात तांग सम्राट ताय-त्सुंग याने ही रीत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठविल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. ‘शर्करा’ आपल्या घरी ‘साखर’ झाली आणि शेजारच्या घरी ‘चीनी’. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलास ही देवघेव चटकन उमगते. परप्रांतात राहण्याचा हा एक लाभच म्हणावयाचा.

दुसरा पाठ हातांचा. इ.स. 105 मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी कुटून केलेला कागद हान सम्राटापुढे ठेवला. मुलांनी रद्दी भिजवून कुटावी, लगदा पाण्यात कालवून बारीक जाळीवर घ्यावा आणि फडक्यावर पालथा घालून वाळवावा. पहिले ताव फाटतात, फाटू द्यावेत. देवासच्या मुलांना तर पुढचे सांगणे सोपे, कारण चलनी नोटांचा सरकारी छापखाना त्यांच्याच गावी आहे आणि नोटेचा कागद मुख्यतः कापसाच्या धाग्यांचा असतो. कागदी चलनाचा आरंभही चीनमध्येच झाला. सिच्वान प्रांतात लोखंडी नाणी चालत. त्यांच्या ओझ्याने त्रासलेले व्यापारी ती पेढीवर ठेवून पावत्या फिरवू लागले. पुढे इ.स. 1024 मध्ये सुंग सरकारने स्वतःच नोटा काढल्या. वर्गात बाजार मांडून एका गटास खड्यांची पिशवी व दुसऱ्यास चिठ्ठ्या द्याव्यात. नोट का जन्मली, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

धारच्या मुलांना जिल्ह्यातील बाग गावचे छापील कापड परिचयाचे असते. लाकडी ठशावर नक्षी उलटी कोरावी, तेव्हा कापडावर ती सुलटी उमटते. बटाटा कापून त्यावर आपल्या नावाचे आद्याक्षर कोरावयास सांगितले की पहिल्या खेपेस ते हमखास उलटे छापले जाते! चिनी कारागीर याच रीतीने लाकडी फळ्यांवर पानेच्या पाने कोरीत. निश्चित तारीख असलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ इ.स. 868 चा आहे. आणि तो म्हणजे आपल्या संस्कृत ‘वज्रच्छेदिके’चा चिनी अनुवाद.

यानंतर नकाशा आणि दोरा घ्यावा. चीनहून आलेला ह्युएनत्संग मुलांना ठाऊक असतो. विद्येच्या आदराबद्दल त्याने मगधाबरोबर मालव देशाची वाखाणणी केली, हेही त्यांना सांगावे. परंतु येथून तिकडे गेलेला परमार्थ किती जणांस ठाऊक आहे? हा पंडित जवळच्याच उज्जयिनीचा. इ.स. 499 मध्ये जन्मलेला हा भिक्षू 546 मध्ये समुद्रमार्गे दक्षिण चीनला पोहोचला. युद्धाच्या धामधुमीत गावोगाव भटकत त्याने बौद्ध ग्रंथांचे, तसेच सटीक सांख्यकारिकेचेही, चिनी अनुवाद केले. परतण्याची त्याला ओढ होती. एकदा जहाजावर चढलाही, पण वाऱ्याने ते पुन्हा चीनच्याच किनाऱ्यास लावले. 569 मध्ये तिकडेच त्याचा अंत झाला. परमार्थाने उज्जयिनीस कोणते पत्र लिहिले असते, ते मुलांना लिहावयास सांगावे. पिढ्यान्‌पिढ्या घरापासून दूर राहिलेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांस त्याचा मजकूर सुचावयास वेळ लागत नाही.

काही पालक विचारतात, 1962 चे आक्रमण आणि 2020 चे गलवान डोळ्यांपुढे असता चीनचे इतके कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे, सैनिकांच्या घरांतून आला तर अधिकच. आमचे उत्तर इतकेच की, हे कौतुक नव्हे, ओळख आहे. ज्या शेजाऱ्याशी कायमचा संबंध येणार, त्याच्याविषयी मुलांच्या मनात केवळ भय किंवा केवळ तुच्छता राहू देणे शहाणपणाचे नाही. सीमेवरील सावधपणा आणि इतिहासातील सत्य ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात. तसे मन घडविणे हेच शाळेचे काम.

पालकांनी आपल्याकडून एवढे करावे : पुढच्या सुटीत मुलांना उज्जैनला नेतील, तेव्हा महाकालाच्या दर्शनानंतर त्यांना क्षिप्रेच्या घाटावर घटकाभर बसवावे आणि परमार्थाची गोष्ट सांगावी.